रानातली शेंदरी अळंबी: ओळखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाची पहिली झड संपली की फोनवर फोटो यायला लागतात. मराठवाड्यातल्या कन्नडकडून, किनवटकडून, कधी येडशीहून. फोटोत मेलेलं लाकूड असतं आणि त्यावर शेंदूर फासल्यासारखं काहीतरी. सोबत एकच ओळ: "सर, हे काय आहे, खातात का?" बहुतेक फोटो वरून काढलेले असतात, त्यामुळे माझं पहिलं उत्तरही ठरलेलं: "खालून फोटो पाठवा." तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा खटाटोप.

मेलेल्या लाकडावर दिसणारं हे शेंदरी काय आहे?

ती एक बुरशी आहे आणि आपल्याला दिसतो तो तिचा फळासारखा भाग. शास्त्रीय नाव पिक्नोपोरस सँग्विनियस. लाकडाच्या आत तिचे बारीक धागे महिनोन्महिने पसरत असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाऊस आणि ऊब जुळून आली की लाकडाच्या बाहेर हा पंखा फुटतो. देठ नसतो, असला तर नावापुरता. एका कडेनं लाकडाला चिकटलेला, अर्धगोल किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचा, सुपारीच्या खांडाएवढ्यापासून तळहाताएवढ्यापर्यंत. जाडी मात्र अगदी कमी, काही मिलिमीटरच. एकटा क्वचित असतो. एकावर एक, कौलं रचल्यासारखे पाच-दहा दिसतात.

मराठीत याला काय म्हणतात?

या एका जातीसाठी रूढ मराठी नाव नाही. आपल्याकडे छत्रीवाल्या सगळ्यांनाच भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतात. विदर्भाकडे खायच्या जातींना सात्या, टेकोडे अशी वेगळी नावं आहेत. ज्या गोष्टी खाल्ल्या जातात त्यांना नावं मिळतात, बाकीच्यांना मिळत नाहीत, हा सरळ हिशेब. मी हिला "शेंदरी अळंबी" म्हणतो. गावच्या मारुतीच्या दगडाचा रंग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे नाव का ते कळेल.

शास्त्रीय नावाचीही गंमत आहे. सँग्विनियस म्हणजे लॅटिनमध्ये रक्तवर्णी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७६३ मध्ये हा शब्द या जातीला दिला. पिक्नोपोरस हा ग्रीक मुळांवरून बनवलेला शब्द, अर्थ दाट भोकांचा. ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, बुरशीतज्ज्ञ कार्स्टेननं १८८१ मध्ये वेगळी काढली आणि मुरिलनं १९०४ मध्ये आपल्या अळंबीला तिच्यात आणून बसवलं. म्हणजे नावातच ओळखीच्या दोन्ही खुणा आहेत: रक्तासारखा रंग आणि दाट भोकं. लोक पहिली खूण बघतात आणि दुसरी विसरतात.

ओळखायची कशी? एक हमखास खूण सांगा.

एका खुणेवर कुठलीच अळंबी ओळखू नका. या जातीला मात्र तीन गोष्टी एकदम लागू पडल्या की चूक व्हायची शक्यता बरीच कमी होते. ती लाकडावर हवी, मातीवर किंवा शेणावर नको. वरची बाजू, खालची बाजू आणि मोडल्यावर आतला गर, तिन्ही शेंदरी-तांबडे हवेत. आणि खाली पापुद्रे नकोत, भोकं हवीत.

तिन्हींत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती मधली. रानात वरून लाल असणाऱ्या अळंब्या बऱ्याच आहेत, पण उलटून बघितल्या तर त्या पांढऱ्या, पिवळट नाहीतर तपकिरी निघतात. शेंदरी अळंबीची खालची बाजू वरच्यापेक्षाही भडक असते. ऊन-पावसाचा मार वरच्या बाजूला बसतो, खालची झाकलेली राहते. म्हणून जुन्या, वरून उडालेल्या रंगाच्या अळंबीलाही उलटं केलं की पोटाशी राखून ठेवलेला रंग दिसतो.

खाली भोकं आहेत हे कसं कळणार? मला तर सपाट दिसतं.

सपाटच दिसणार, कारण भोकं फार बारीक असतात. एका मिलिमीटरमध्ये साधारण पाच-सहा. नुसत्या डोळ्यांना ती मखमलीसारखी वाटतात. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. घड्याळ दुरुस्त करणारा डोळ्याला लावतो तसलंही चालतं. भिंगातून पाहिलं की चाळणी दिसते. भिंग नसेल तर मोबाइलनं जवळून फोटो काढा, शेजारी शाळेतली पट्टी ठेवा आणि फोटो मोठा करून पाच मिलिमीटरमधली भोकं मोजा. पंचवीस-तीसच्या घरात आकडा आला तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.

प्रत्येक भोक म्हणजे एका नळीचं तोंड. त्या नळ्यांच्या आतल्या भिंतींवर बीजाणू तयार होतात आणि खाली झडतात. बाजारात मिळणाऱ्या ढिंगरीला किंवा बटन मशरूमला खाली वहीच्या पानांसारखे पापुद्रे असतात, त्यांच्यावर हेच काम चालतं. काम एकच, बांधकाम वेगळं.

मराठवाड्यात ती कुठे बघायला मिळेल?

आपल्या आठ जिल्ह्यांत जंगल आधीच थोडं, आणि आहे ते पानगळीचं. ही अळंबी त्याच जंगलाची. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, पितळखोऱ्याच्या लेण्यांकडचा उतार, म्हैसमाळचा परिसर. धाराशिवकडे येडशी रामलिंग घाट. नांदेडला किनवट-माहूरचं सागाचं जंगल, तिथं पाऊसही बाकीच्या मराठवाड्यापेक्षा जास्त. पडलेलं लाकूड शोधा: साग, धावडा, सालई, मोहा, पळस, काहीही. रुंद पानांच्या झाडांचं मेलेलं लाकूड असलं की तिला पुरतं, झाडाच्या जातीचा ती फारसा विचार करत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. बाकीच्या अळंब्या शोधायला लोक दाट सावलीत, ओलीत शिरतात. ही उलटी आहे. वाटेच्या कडेला, झाड पडून उघडं झालेल्या जागेत, ऊन लागणाऱ्या ओंडक्यावर ती आधी सापडते. जळून गेलेल्या रानातल्या काळ्या बुंध्यावर तिचा रंग असा काही उठून दिसतो की कॅमेरा नसल्याची हळहळ वाटते.

कोणत्या महिन्यात?

मृगाचा पाऊस पडला म्हणून लगेच धावू नका. लाकूड आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. साधारण पुष्य-आश्लेषापासून, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धापासून ताजे, ओलसर, भडक पंखे दिसायला लागतात आणि हस्तापर्यंत नवे येत राहतात. पुढे ते सुकतात, पण पडत नाहीत. दिवाळीच्या सुटीत रानात गेलात तरी दिसतील, आणि होळीच्या सुमारास फिके पडलेले जुने पंखे त्याच लाकडावर असतील. नवशिक्यांना हिच्यापासून सुरुवात करा असं मी सांगतो ते यासाठीच. बहुतेक अळंब्या दोन दिवसांच्या पाहुण्या असतात, ही हंगामभर थांबते.

आमच्या दुष्काळी भागात अळंबी येतेच कशी?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी तक्रार असते. मराठवाड्याचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही खंड पाडत पडणारा. नाजूक देठाच्या, पाण्यानं भरलेल्या अळंब्यांना एवढ्यात भागत नाही. ऊन पडलं की दुपारपर्यंत त्या माना टाकतात.

शेंदरी अळंबीची बांधणी वेगळी आहे. तिच्या गरात तीन प्रकारचे धागे असतात. एक वाढणारे, दुसरे जाड भिंतीचे आणि ताठ राहणारे, तिसरे या सगळ्यांना गुंतवून बांधून टाकणारे. गोधडीला आडवे-उभे टाके घालावेत तसं हे विणलेलं असतं. म्हणून ती मऊ न राहता चामड्यासारखी चिवट होते, आणि सुकली की लाकडासारखी कडक. पाऊस थांबला तरी लाकडाच्या पोटातल्या ओलीवर तिचे धागे तग धरतात. उष्णतेचंही तिला वावडं नाही, तिशीच्या पुढच्या तापमानातही ही बुरशी जोमानं वाढते. जगभर ती उष्ण प्रदेशांतच पसरलेली आहे. थंड देशांत तिची जाडजूड बहीण असते, पिक्नोपोरस सिनाबारिनस.

गौताळ्याच्या पायथ्याला गुरं चारणाऱ्या एका आजोबांना मी ही दाखवली होती. त्यांनी हातात घेऊन वाकवली, सोडली, ती पुन्हा सरळ झाली. म्हणाले, "चामडं हाय की ओ हे, वहाणंला ठिगळ लावायच्या कामाचं." माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा हे वर्णन नेमकं होतं.

मला सापडलेली फिकट नारिंगी आहे, जवळजवळ पांढरी. मग ती दुसरी जात का?

बहुधा तीच, म्हातारी झालेली. उन्हानं वरचा रंग उडत जातो: शेंदरी, मग नारिंगी, मग मातकट, शेवटी राखाडी-पांढरा. कधी कधी एकाच पंख्यावर फिकट-गडद पट्टे दिसतात. उलटून बघा. तिथंही रंग नसेल तर थोडा तुकडा मोडून आतला गर बघा. दोन्हीकडे शेंदरी छटा नसेल तर नाव देण्याची घाई नको.

हिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कोणत्या? माझी गफलत कुठे होऊ शकते?

सगळ्यात जास्त गफलत गॅनोडर्माशी होते. बाभळीच्या, शिसवीच्या किंवा नारळाच्या बुंध्याशी येणारी, वरून लाखेचं पॉलिश केल्यासारखी चकचकीत, तांबूस-तपकिरी, जाड आणि जड. तिची खालची बाजू ताजी असताना पांढरी असते आणि नखानं ओरखडा काढला की तपकिरी रेघ उमटते. आजूबाजूला कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ पसरलेली दिसते, ते तिचे बीजाणू. शेंदरी अळंबीला ही चकाकी नाही आणि तपकिरी धूळही नाही.

दुसरी एर्लिएला स्काब्रोसा. ही मला स्वतःला दोन-तीनदा फसवून गेली आहे. पडलेल्या लाकडाला पापुद्र्यासारखी चिकटून पसरते, वरून मरून किंवा तांबूस-तपकिरी आणि कडेला पांढरी किनार. नऊवारीला काठ असावा तशी ती किनार दिसली की सावध व्हायचं. खालची बाजू पांढरट, भोकं मोठी, वेडीवाकडी, काही ठिकाणी लांबट. सांजेच्या उजेडात वरून बघून मी "शेंदरी" म्हणून नोंद केली, घरी येऊन फोटो मोठा केला आणि गपचूप खोडली.

डॅक्रिओपिनॅक्स ही तिसरी. नारिंगी-पिवळी, पण एक-दोन सेंटिमीटरचीच, चमच्याच्या टोकासारखी, हाताला जेलीसारखी बुळबुळीत. भोकं नाहीत. ऊन लागलं की आक्रसून दोरा होते, पाऊस पडला की पुन्हा फुगते. दाबून बघितलं तर ती दबते, शेंदरी अळंबी दबत नाही, त्यामुळे इथं घोटाळा टिकत नाही.

मायक्रोपोरस झँथोपस रंगीत आहे, पण तपकिरी वर्तुळांची, नाजूक नरसाळ्यासारखी आणि पिवळ्या पायाची. एकदा नीट बघितली की पुन्हा चूक होत नाही. आणि आंब्याच्या वाळक्या फांदीवर हमखास दिसणारे छोटे पांढरे, केसाळ पंखे म्हणजे शिझोफायलम, त्यांचा इथं संबंध नाही, फोटो मात्र भरपूर येतात.

दगडावर शेंदरी-पिवळे डाग दिसले तर ती अळंबी नव्हे. मसाल्यातलं दगडफूल ज्या प्रकारच्या जिवांत मोडतं, बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदणारे, त्यातलाच तो कुणीतरी. कुंडीत उगवलेली गंधकासारखी पिवळी, देठाची छत्री विचाराल तर ती ल्युकोकोप्रिनस. तीही खायची नाही.

हा रंग येतो कुठून?

सिनाबारिन, ट्रामेसँग्विन आणि सिनाबारिनिक आम्ल या रंगद्रव्यांमुळे. ही नावं हिंगुळावरून आली, कारण इंग्रजीत हिंगुळाला सिनाबार म्हणतात. पण हिंगूळ हे पाऱ्याचं संयुग आणि शेंदूर शिशाचं. अळंबीच्या रंगात पारा नाही की शिसं नाही, ही सेंद्रिय रंगद्रव्यं आहेत. ती बनवण्यात लॅकेस नावाच्या एका विकराचा (एन्झाइमचा) हात असतो. हाच लॅकेस लाकडाला कडक करणारं लिग्निन फोडायच्या कामी येतो. कापड गिरण्यांच्या सांडपाण्यातले रंग तोडता येतील का, यासाठी प्रयोगशाळांमध्ये या बुरशीच्या लॅकेसवर बरंच काम झालं आहे. जिथं जिथं या बुरशीचं नाव वाचाल तिथं बहुतेक वेळा लॅकेस शेजारी असतोच.

लाल आहे म्हणजे विषारी का?

रंगावरून विष कळत नाही. जगातल्या सगळ्यात जीवघेण्या अळंब्यांपैकी काही पांढऱ्याशुभ्र किंवा फिकट हिरवट असतात, दिसायला गरीब.

मग खातात का?

नाही. खायच्या अळंब्यांत तिची गणना होत नाही, आणि खरं सांगायचं तर चावताही येणार नाही. चप्पल शिजवण्यासारखं आहे ते. किनवट-माहूरकडे जाणकार घरांत वारुळाजवळ उगवणारी अळंबी खातात, ती वेगळी, आणि ती ओळखणं हे पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे. फोटो बघून "ही खा" असं मी कुणालाही, कुठल्याही अळंबीबद्दल सांगत नाही. आग्रह करू नका.

चांदीचं नाणं टाकून किंवा हळद टाकून विष कळतं म्हणतात ते खरं का?

साफ खोटं. चांदी काळी पडली म्हणजे विषारी, नाही पडली म्हणजे चांगली. तांदूळ लाल झाले, लसूण काळा पडला. गोगलगाईनं कुरतडली म्हणजे माणसाला चालते. उकळून पाणी फेकलं की विष जातं. हे सगळं मी लग्नाच्या पंगतीत, एसटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं आहे आणि यातलं एकही टिकत नाही. अमाटॉक्सिन्स ही अळंबीतली सगळ्यात घातक विषं शिजवून नष्ट होत नाहीत आणि चांदीला ती कळतही नाहीत. गोगलगाईचं पोट वेगळं, आपलं वेगळं.

घरात कुणी रानातली कुठलीही अळंबी खाल्ली आणि उलट्या सुरू झाल्या तर?

घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळच्या दवाखान्यात न्या. उरलेली अळंबी, साफ करताना टाकलेले तुकडे, शिजवलेली भाजी, जे असेल ते कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर सडते. किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा, कारण ती वेळ फार महत्त्वाची. गवतात येणारी, जुनी झाली की खालचे पापुद्रे हिरवट होणारी पांढरी छत्री, क्लोरोफायलम, खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. माणूस हैराण होतो, पण बहुधा सावरतो. अमाटॉक्सिनवाल्या अळंबीचा त्रास मात्र सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून दवाखान्यातून उठून येऊ नका.

ही औषधी आहे असा मेसेज आला आहे. कॅन्सरवर चालते म्हणे.

तो मेसेज मलाही आला आहे, वेगवेगळ्या पाच जणांकडून. खरं आहे ते एवढंच: सिनाबारिनिक आम्लासारख्या तिच्या घटकांचा काही जिवाणूंवर परिणाम होतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी तोंड आल्यावर हिच्यासारखीच शेंदरी अळंबी चोखत असत अशा नोंदी आहेत. काचेच्या बशीत जिवाणू मेले म्हणजे माणसाचा आजार बरा झाला असं होत नाही. बशीत फिनेलनंही मरतात. शिवाय बाजारात "लाल मशरूम" म्हणून विकलं जातं ते बहुधा गॅनोडर्मा, ही नव्हेच. रानातून आणून काढा करून पिण्याच्या भानगडीत पडू नका.

आमच्या आंब्याच्या फांदीवर आली आहे. झाड मरेल का?

फांदी आधीच मेली आहे, म्हणून अळंबी आली. ही बुरशी मुख्यतः मेलेल्या लाकडावर जगते. ती दिसली म्हणजे आत लाकूड कुजायला लागलं एवढा अर्थ घ्या. वाळकी फांदी जिवंत लाकडापाशी नीट कापून काढा, खोडाला जखमा करू नका, पुढे झाड कसं आहे ते बघा. नुसते पंखे खुडून उपयोग नाही, आंबा तोडला म्हणून झाड जात नाही तसंच आहे हे. खोडाच्या बुंध्याशीच गॅनोडर्मा आली असेल तर मात्र काळजीचं कारण आहे, तेव्हा कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला दाखवा. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या हाताशी आहेच.

जळतणाच्या ढिगावर आली आहे. ते लाकूड जाळावं का?

जाळा. पण त्यात दम राहिलेला नसतो. ही श्वेतकुजीची बुरशी आहे, म्हणजे लाकडाचा कडकपणा ज्या लिग्निनमुळे येतो तेच ती खाते. लाकूड फिकट, तंतुमय आणि हलकं होत जातं, चुलीत घातलं की भुर्रकन जळून जातं. सागाच्या ओंडक्यावर ती बाहेरच्या पांढऱ्या लाकडावर दिसते, आतला गाभा तिला सहजासहजी दाद देत नाही. ढीग जमिनीपासून उचलून, वर पत्रा टाकून ठेवला तर हा प्रश्न बराच कमी होतो.

तोडून घरी आणली तर चालेल का?

अभयारण्यात असाल तर अजिबात नाही. गौताळा हे १९८६ मध्ये घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीशिवाय काहीही उचलून आणता येत नाही. अळंबी आली, वाळकं लाकूड आलं, मोराचं पडलेलं पीसही आलं. फोटो काढा, तेवढं पुरतं. स्वतःच्या बांधावरची असेल तर एखादा पंखा जरूर आणा. वर्तमानपत्रात ठेवून सुकवला की वर्षानुवर्षं टिकतो.

घरी काही तपासणी करता येते का?

बीजाणूंचा ठसा घेता येतो. ताजा, ओलसर पंखा काळ्या कागदावर भोकं खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर पांढरी बारीक भुकटी दिसली तर ठीक. भुकटी तपकिरी असेल तर ही ती नव्हे. सुकलेला पंखा ठसा देत नाही, मग "झालंच नाही" म्हणून फोन करू नका.

दुसरी चाचणी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाची. त्यानं शेंदरी रंग काळपट होतो. पण हे द्रावण कातडी जाळतं, त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षक समोर असतानाच. आणि फक्त काळं पडलं म्हणून निकाल देऊ नका: लाकडावर येणाऱ्या कितीतरी तपकिरी कडक अळंब्याही या थेंबानं काळ्या होतात.

फोटो कसा पाठवू?

चार पाठवा. वरून, खालून, कडेनं जाडी दिसेल असा, आणि चौथा दोन पावलं मागं सरकून लाकडासकट. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून माप लागतं. फ्लॅश नको, शेंदरी रंग भलताच होतो. फिल्टर तर नकोच. एका मुलानं रंग "उठावदार" करून पाठवला होता, तपकिरी अळंबी रक्तासारखी लाल झालेली, आणि त्याच्या वर्गातल्या सगळ्यांना मी आठवडाभर नवी जात सापडली म्हणून सांगत फिरलो.

अ‍ॅपनं पिक्नोपोरस कॉक्सिनियस असं नाव दिलं. बरोबर कोण?

या प्रजातीत चार जाती मानतात. सिनाबारिनस थंड देशांतली, जाड आणि मोठ्या भोकांची, मिलिमीटरला दोन ते चार. प्युनिसियस दुर्मिळ, तिची भोकं सगळ्यांत मोठी. सँग्विनियस पातळ आणि बारीक भोकांची. कॉक्सिनियस हिंदी आणि प्रशांत महासागरांभोवतीच्या देशांत सापडते, ती सँग्विनियसला फार जवळची, थोडी जाड. या शेवटच्या दोघींची खात्री डीएनए तपासूनच होते. म्हणून पातळ, बारीक भोकांची असेल तर मी सँग्विनियस म्हणतो, जाड वाटली तर नुसतं पिक्नोपोरस लिहून थांबतो. तुम्हीही थांबा. काही संशोधक तर या सगळ्यांना ट्रामेटिस या मोठ्या प्रजातीत घालतात, त्यामुळे एखाद्या ठिकाणी ट्रामेटिस सँग्विनिया असं नाव दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

अ‍ॅपवर राग नाही. पण त्याला तुम्ही वरून काढलेला एकच फोटो दाखवता आणि पोटाकडची बाजू दाखवत नाही, मग ते तरी काय करणार?

नोंद कुठे करावी?

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर, तारीख आणि ठिकाणासकट. याशिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती वही मागून बघा. मी पाहिलेल्या वह्यांत झाडं असतात, पक्षी असतात, पिकांचे वाण असतात, अळंबीचं पान मात्र कोरं. मराठी नावाच्या रकान्यात तुमच्या गावात जे म्हणतात तेच लिहा, माझं "शेंदरी" लादू नका.

लांबून लाल दिसलं की ती हीच असते का?

नाही. पितळखोऱ्याच्या वाटेवर एकदा पंधरा पोरांना घेऊन चाललो होतो. पडलेल्या खोडावर लालभडक दिसलं, सगळ्यांना गप्प केलं, गुडघ्यावर बसलो, भिंग काढलं. गुटख्याची पिचकारी होती, ताजी.